तेवीस नंबरची काजमावशी

त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका लांबलचक पॅसेजच्या दोन्ही अंगांना, शिंप्यांची तेवीस दुकानं होती. कापड कुणी का कापेना आणि बाही कुणी का लावेना, शिवून झालेला प्रत्येक शर्ट शेवटी तेवीस नंबरच्या खोलीत यायचा. तिथे काजमावशी बसायची. काजं पाडायची आणि बटणं लावायची, एवढंच तिचं काम. पण बिनकाजाचा शर्ट अंगात घालून कुणी बाहेर पडू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती कुणाला विसरूही द्यायची नाही.

तिचं खरं नाव इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. एकदा पोस्टमन तिच्या नावाचं पत्र घेऊन तीन दिवस खालीवर फिरला, "अशी कुणी बाई इथे नाही" असं बावीस दुकानांनी त्याला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी तो थकून नेमका तिच्याच स्टुलावर टेकला म्हणून पत्र पोचलं.

तेवीस नंबर म्हणजे शेवटची खोली. शेजारी सगळ्या मजल्याचा संडास, त्यामुळे ती कुणालाच नको होती. मावशीने ती घेतली कारण तिला मागच्या गल्लीवर उघडणारी मोठी खिडकी होती. "वासाची सवय होते," ती म्हणायची, "अंधाराची होत नाही." खोलीत काजाचं मशीन होतं, बटणांचं उंच कपाट होतं, एक टेबल, दोन स्टुलं आणि छताला एक पंखा. मावशी स्वतः बुटकी, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने गुंडाळलेली, आणि आवाज असा की पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला एक नंबरवाला आपल्या गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच थांबायचा.

ती या इमारतीत आली तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती. नवरा एका सकाळी डबा घेऊन कामाला गेला आणि भलत्याच गावात दुसरा संसार मांडून बसला. डबासुद्धा परत आला नाही. पदरात तीन वर्षांची लेक. येत होतं ते एवढंच, हाताने काज करणं. ते आईने शिकवलं होतं. सुईदोऱ्याचा डबा घेऊन ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या शिंप्याला विचारायची. काम मिळायचं, पण बसायला जागा नाही. उभ्या उभ्या काजं करायची. लेक पायाशी पायरीवर.

तिसऱ्या दिवशी सात नंबरचे कटरकाका बाहेर आले. कोट कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी तिचं एक काज चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि ते आत गेले. थोड्या वेळाने आतून करवतीचा आवाज यायला लागला. ते आपलं कापण्याचं टेबल कापत होते. शिसवी लाकडाचं, चांगलं आठ फुटी टेबल. त्याचा दीड हात तुकडा त्यांनी करवतीने उतरवला आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं.

"बस," ते म्हणाले.

"काका, तुमचं टेबल..."

"टेबल माझं आहे ना? मग तू कशाला रडतेस? आणि फुकट नाही हं बसवत. समोरची खिडकी जड आहे, माझी पाठ धरते. रोज येऊन तेवढी उघडायची."

ती खिडकी तिने अकरा वर्षं उघडली. पुढे काकांची नजर मंदावली तेव्हा सकाळी आल्या आल्या ती त्यांच्यासाठी तीस सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवायची. वीस पांढऱ्या, दहा काळ्या दोऱ्याच्या. संध्याकाळी गादीत उरलेल्या सुयांवरून कळायचं की काकांनी दिवसभर किती काम केलं. आभाराचं बोलणं दोघांत कधी झालं नाही. भांडण मात्र पुष्कळ झालं, कारण काका रेडिओ मोठ्याने लावायचे.

काका गेल्यावर सात नंबर त्यांच्या मुलाकडे आलं आणि मावशीने तेवीस नंबर घेतलं. मुलगाही हुशार निघाला. सगळे त्याला कोटवाला म्हणायचे. चाळिशीत तो दुकानदार मंडळाचा अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता. जिन्यातला दिवा त्याने दुरुस्त करून घेतला, संडासाचं पाणी आणलं. पण त्याला शिस्तीची फार हौस. पॅसेजमध्ये गठ्ठे ठेवायचे नाहीत, दाराबाहेर इस्त्री लावायची नाही, असे एकेक नियम तो करत गेला, आणि एका बैठकीत त्याने आणखी एक मांडला: एका खोलीत एकच धंदा, बाहेरचं माणूस बसवायचं नाही. हात वर करा म्हणाला. तेवीस हात वर झाले. त्यात मावशीचाही होता. तिला त्या दिवशी घाई होती, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता.

त्यानंतर महिन्याभराने एक टोप्या शिवणारा म्हातारा तिच्या दारात आला होता. आठवडाभर कोपऱ्यात बसू दे म्हणाला. मावशीने मशीनवरून मान वर न करताच सांगितलं, "नियम आहे बाबा, जागा नाही." म्हातारा दोन दिवस जिन्यात बसून टोप्या शिवत राहिला आणि तिसऱ्या दिवशी दिसला नाही. मावशीने कुणाला काही विचारलं नाही. पण पुढे बरेच दिवस जिना चढताना ती त्या पायरीवर पाय न ठेवता एक पायरी गाळून चढायची, आणि लेकीने विचारलं तर गुडघ्याचं काहीतरी कारण सांगायची.

रफूवाली आली ती अशीच एका सकाळी. पस्तिशीची, उंच, हाडकुळी, हातात एक कापडी पिशवी. दुसऱ्या कुठल्या देशातून की प्रांतातून आली होती कोण जाणे, तिचं बोलणं तुटक होतं, शब्द जुळवून जुळवून बोलायची. ज्या लॉन्ड्रीत ती कपड्यांना रफू करायची ती बंद पडली होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. तिने एक नंबरपासून विचारायला सुरुवात केली.

मावशी मशीनवर बसली होती. पॅसेज लांब असला तरी आवाज घुमतो. "जागा नाही." मग पावलं. "जागा नाही हो." पावलं. "पुढे विचारा." एका दुकानाने दारच लोटून घेतलं. सात नंबरला कोटवाल्याने जरा नीट सांगितलं, पण सांगितलं तेच. मावशीचं मशीन चालू होतं, तरी तिला एकेक नकार ऐकू येत होता. पंधराव्या की सोळाव्या नकाराला तिने मशीन बंद केलं.

रफूवाली दारात येऊन उभी राहिली तेव्हा मावशी बटणांच्या कपाटाला खांदा लावून ते ढकलत होती.

"बाई, मी..."

"बघत काय उभी राहिलीस? तिकडून धर. जड आहे."

दोघींनी कपाट भिंतीला सरकवलं. खिडकीखाली अडीच हात जागा झाली. मावशीने धूळ झटकली, दुसरं स्टूल तिथे ठेवलं आणि म्हणाली, "उजेड पुरेल?"

रफूवालीने खिडकीबाहेर पाहिलं, हात उजेडात धरून पाहिला. "पुरेल. पण मी विचारलं नाही अजून."

"बावीसदा विचारलंस. माझे कान फुटलेले नाहीत."

दुपारपर्यंत बातमी एक नंबरला पोचली आणि चहाच्या वेळेला कोटवाला तेवीस नंबरच्या दारात आला. गळ्यात मोजमापाची टेप, कानावर खडू.

"मावशी, हे काय?"

"स्टूल आहे. त्याच्यावर बाई आहे."

"थट्टा नको. नियम आपण सगळ्यांनी केलाय. आज तुम्ही एकीला बसवलंत, उद्या दहा जण दहा ठिकाणी बसतील. पॅसेज भरून जाईल, आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडणार? मला अध्यक्ष म्हणून बघावं लागतं."

"ती पॅसेजमध्ये बसलीय का? माझ्या खोलीत बसलीय."

"नियम खोलीचाच आहे. आणि तुम्हीसुद्धा हात वर केला होता."

मावशी उठली. तिचं डोकं त्याच्या खिशापर्यंत येत होतं. तिने उजवा हात वर केला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग खाली घेतला.

"केला होता. आता खाली केला. झालं?"

"असं नसतं मावशी."

"का नसतं? तुझा बाप हयात असता तर तुझे कान उपटले असते. माझ्यासाठी टेबल कापलं त्याने, तेव्हा कुठल्या मंडळाला विचारलं होतं?"

कोटवाल्याचा चेहरा पडला, मग ताठरला. ते टेबल कापलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि त्याच टेबलाखाली दुपारी झोपायचा. "बाबांचे दिवस वेगळे होते," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत त्यांना जायला सांगा. नाहीतर मंडळ ठरवेल ते मला करावं लागेल."

"शनिवार कशाला? आजच सांगते. नाही."

तो गेला. रफूवाली सुई हातात धरून तशीच बसली होती. तिला शब्द सगळे कळले नव्हते, पण शनिवार तेवढा कळला होता.

मंडळाने ठरवलं ते असं, की तेवीस नंबरला कुणी काज द्यायचं नाही. गावाच्या पलीकडच्या टोकाला एक कारखाना होता, तिथे सगळ्यांचं काम एकत्र जाणार. सोमवारी सकाळी मावशीने दार उघडलं, मशीनला तेल घातलं, आणि वाट बघत बसली. कुणी आलं नाही. मंगळवारी आलं नाही. बुधवारी ती संडासाकडे जाणाऱ्या प्रत्येकाकडे दारातून रोखून बघत होती. काही जणांनी मान खाली घातली, आणि काही जण संडासाला वरच्या मजल्यावर जायला लागले.

फक्त एकोणीस नंबरची फ्रॉकवाली गुपचूप काम पाठवायची, तेही जेवणाच्या डब्यात. वरच्या खणात भाजी, खालच्या खणात घडी केलेले दोन फ्रॉक. एकदा भाजीचा रस खाली झिरपला आणि मावशीने काजाच्या आधी डाग काढले.

लेक आता नर्स होती, आईपेक्षा डोकं थंड. तिने एका संध्याकाळी तोंड उघडलं. "आई, तुझं वय काय, हे चाललंय काय? ती बाई तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? जिन्याच्या पायरीवर बसून तू काय खेळायचीस आठवतंय? तुटक्या बटणांशी. तेव्हा मी तरी कटरकाकांची कोण लागत होते?"

"त्याला किती वर्षं झाली! काकांचं ऋण तू कधीच फेडलंस. सुया ओवल्यास, खिडक्या उघडल्यास."

"ते काकांशी. त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचं काय?" मावशीने पहिल्यांदाच कुणाला ते सांगितलं. सांगताना तिचा आवाज वर गेला, जणू लेकीनेच त्याला हाकललं होतं. "अडीच हात जागा होती माझ्याकडे. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आता मला तुझी अक्कल शिकवू नकोस." लेकीने चहा टाकला.

दुसऱ्या आठवड्यात रफूवालीने पिशवी भरली. सुया, भिंग, लाकडी रिंग, सगळं आत. "मी जाते. माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

मावशीचा पारा चढला. "तुझ्यामुळे? तुझ्यासाठी करतेय असं वाटतंय की काय तुला? अगं, माझ्या खोलीत कोण बसणार ते मी ठरवणार, म्हणून करतेय. बस खाली."

रफूवाली बसली नाही. तिचेही डोळे आता बारीक झाले होते. शब्द शोधत, पण एकही न गिळता ती म्हणाली, "ठीक. तुम्ही तुमच्यासाठी करता. मग मी पण माझ्यासाठी बोलते. मी दयेवर बसणार नाही. तुमचा अंगठा दुखतो, मी बघते. कोटाचं काज हाताने करता तेव्हा ओठ चावता. मला ते काज शिकवा. मी तुम्हाला रफू शिकवते. मग बसते. नाहीतर चालले."

मावशीने आयुष्यात कुणाला काज शिकवलं नव्हतं. लेकीलाही नाही. तिने अंगठा मुठीत दडवला. तिचा अंगठा दुखतो हे लेकीच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि लेक नर्स होती.

"पिशवी ठेव," ती म्हणाली. "आणि ती सुई नको. जाड लागते."

काम नव्हतंच, वेळ रग्गड होता. सकाळी काज, दुपारी रफू. काजात आधी चीर, मग कडेने दोरा फिरवायचा, मग एकाला एक चिकटलेले टाके, प्रत्येक टाक्याला गाठ, आणि गाठ कडेवरच बसली पाहिजे. रफूवालीने चौथ्या दिवशी असं काज केलं की मावशीने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि बोलायला काही सापडेना म्हणून दोऱ्याच्या रंगाला नावं ठेवली. रफूत मात्र मावशी शुंभ निघाली. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायचे, भोकावर आधी उभे ताणायचे, मग आडवे एकाखालून एकावरून विणत जायचं, इतकं की बोटाने चाचपलं तरी भोक सापडू नये. मावशीचं भोक सापडायचं. लांबून दिसायचं.

"हात हळू," रफूवाली म्हणायची. "रागाने रफू होत नाही."

"मग मला यायचं नाही," मावशी म्हणायची, पण सुई खाली ठेवायची नाही.

पंख्यावरून मात्र रोज वाजायचं. पंख्याने रफूवालीचे धागे उडत, आणि पंखा बंद केला की मावशीला शेजारचा वास येई.

पाचव्या आठवड्यात सात नंबरला आरडाओरडा झाला. कोटवाल्याने एका वाद्यवृंदासाठी आठ कोट शिवले होते, काळ्या लोकरीचे, वर्षातलं सगळ्यात मोठं काम. काजांसाठी ते कारखान्यात गेले होते आणि परत आले तेव्हा आठही कोटांना काजं उजव्या बाजूला पाडलेली होती. पुरुषांच्या कोटाला काज डावीकडे असतं, हे शिंप्याच्या घरच्या पोरालाही कळतं. आठ कोट, प्रत्येकी तीन काजं, चोवीस चिरा. शिवण उसवता येते, पण पाडलेली चीर परत बुजत नाही. कापड संपलेलं, तसलं पुन्हा मिळणार नव्हतं, आणि कार्यक्रम दोन आठवड्यांवर.

कोटवाला पॅसेजमधून येताना सगळ्यांनी पाहिला. हातावर एक कोट, आणि चाल अशी की प्रत्येक पावलाला परत फिरावंसं वाटतंय. तो तेवीस नंबरच्या दारात थांबला.

"मावशी."

मावशी रफूचा सराव करत होती. तिने मान वर केली, कोट पाहिला, उजवीकडची काजं पाहिली, आणि तिला सगळं कळलं. हसू आलं ते तिने चष्मा पुसण्यात दडवलं.

"मावशी, हे बुजवता येईल का?"

"मला काय विचारतोस? मी काज पाडते. बुजवणारं माणूस खिडकीपाशी बसलंय. तोंड आहे ना तुला? विचार."

कोटवाला वळला. पाच आठवडे तो तिचा उल्लेख 'ती बाहेरची' असा करत होता. त्याने हातावरचा कोट सारखा केला. शेवटी म्हणाला, "बाई, हे... होईल का?"

रफूवालीने कोट घेतला. उलटा केला, आतली दुमड मोजली, लोकरीचा एक धागा ओढून ओढून पाहिला, तुटतो का. भरपूर वेळ घेतला. "होईल," ती म्हणाली. "इथेच वर बटण येणार, म्हणून रफू घट्ट पाहिजे. चोवीस. दहा दिवस. डावीकडचं काज मावशी आणि मी दोघी करणार. आणि कोट या खोलीत राहणार. मी तुमच्या दुकानात येणार नाही."

कोटवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "होय, होय. आणि मावशी, मी मंडळात सांगतो. असं काम येणारी बाई असेल तर कुणाचीच हरकत नसणार. यांच्यापुरता अपवाद करू. लिहून देतो मी."

इथे मावशी उठली. त्या दिवशी पॅसेजमध्ये जे उभे होते ते अजून सांगतात की ती ओरडली नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

"अपवाद? कामाची निघाली म्हणून बसू द्यायची? आणि तिला रफू येत नसता तर? नुसती टाचण्या वेचणारी असती तर? मी जिन्यात उभी होते तेव्हा तुझ्या बापाला कुठे ठाऊक होतं, मी पुढे त्याच्या काय कामाला येणार? बसायला जागा नव्हती, एवढंच त्याने पाहिलं. तुझा अपवाद तुझ्या खिशात ठेव. कोट ती करून देईल, ते तुमचं आपसातलं. पण हिला मी बसवली ती रफूसाठी नाही, आणि नियम जाईपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलायची नाही. कोट तिथे टेबलावर ठेव. दुमडून नको, पसरून."

त्याने कोट पसरून ठेवला.

आठ कोट नवव्या दिवशी तयार झाले. कोटवाला भिंग घेऊन एकेक बघत गेला, त्याला चोविसातलं एकही भोक सापडलं नाही. महिनाअखेरच्या बैठकीत तो स्वतः उठला आणि नियम रद्द करावा म्हणाला. खाली मान घालून, पण म्हणाला. हात वर झाले ते मोजले गेले. नियम काढायच्या बाजूने अकरा, ठेवायच्या बाजूने बारा. एका हाताने मावशी हरली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आता ही काय करणार? मावशीने चष्मा सारखा केला.

"बरं," ती म्हणाली. "तुमचा नियम राहू दे. ती पण राहील. बघू कोण आधी थकतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या पाटीच्या शेजारी तेवढ्याच मापाची दुसरी पाटी ठोकली: 'येथे रफू करून मिळेल.' दुपारी ती कुणीतरी काढून जिन्यात टाकली. मावशीने उचलून आणली आणि पुन्हा ठोकली. गुरुवारी पुन्हा काढली, पुन्हा ठोकली. सोमवारी पाटीचे दोन तुकडे झालेले मिळाले. रफूवालीला वाटलं आता पुरे. मावशीने दोन्ही तुकडे मागून पट्टी मारून जोडले आणि या वेळी स्टुलावर उभं राहून लांब खिळ्यांनी ठोकत राहिली, इतका वेळ आणि इतक्या जोराने की एक नंबरपासून सगळ्या दुकानांची मशीनं थांबली. मग सात नंबरमधून कोटवाला हातोडी घेऊन आला. लोकांना वाटलं आता काहीतरी होणार. त्याने हातोडी खाली ठेवली आणि स्टूल धरलं, कारण ते डुगडुगत होतं. मावशी तरीही त्याच्याशी बोलली नाही. नियम अजून गेला नव्हता. त्यानंतर पाटीला कुणी हात लावला नाही.

चार दुकानांनी तेवीस नंबरला पुन्हा कधी काम दिलं नाही, ती अजूनही आपली काजं गावाच्या पलीकडून करून आणतात. बाकीचे हळूहळू परत आले. फ्रॉकवाली भाजीच्या डब्यातून सुटली. बैठकीत तो विषय दरवर्षी मावशी काढते आणि दरवर्षी थोड्याने हरते. एकदा बरोबरी झाली होती, पण तिच्या बाजूचं एक मत ऐनवेळी सर्दीने घरी राहिलं. कागदावर नियम आहे, आणि तेवीस नंबरमध्ये आता तिसरं स्टूल आहे. त्यावर एक छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. त्याच्या काड्या रफूवालीच्या कोपराला टोचतात आणि ती त्याला तिच्या भाषेत काय काय बोलते ते त्याला अजून कळलेलं नाही. कपाट पॅसेजकडच्या भिंतीला गेलंय, दार पूर्ण उघडत नाही. आडवं होऊन आत शिरावं लागतं.

मावशी आता सत्तरीला आली. अंगठ्याने पार साथ सोडली, हाताची काजं सगळी रफूवालीच करते. मावशी मशीन चालवते, आणि मध्येच हट्टाने रफू करायला घेते. परवा एक गिऱ्हाईक आपल्या बाहीला उजेडात धरून म्हणाला, "मावशी, हे दिसतंय हो."

"दिसू दे की," मावशी म्हणाली. "भोक होतं, बुजलं. आता काय गाणं म्हणायला लावू त्याला?"

रफूवालीने हात लांब करून बाही ओढून घेतली, मावशीचे टाके एकेक करून उसवले, आणि पंखा बंद करायला सांगितला.

"मी नाही करणार," मावशी म्हणाली.

छत्रीवाल्याने उठून केला.